सुजाण क्रूझ-प्रवाशाने रोख परतावा का मागू नये

महासाथीमुळे आपली समुद्रसफर रद्द झाल्याचे पत्र हाती पडते, तेव्हा सुसंस्कृत प्रवाशाच्या मनात पहिला विचार स्वतःच्या पैशांचा येता कामा नये. तो कंपनीचा यावा. आपण कित्येक महिने आधी भरलेली रक्कम आपल्याला परत हवी, ही भावना नैसर्गिक असली तरी ती आवरता येते, आणि ती आवरण्यास मदत व्हावी म्हणूनच मार्च २०२० नंतर कंपन्यांनी ‘फ्यूचर क्रूझ क्रेडिट’, म्हणजे रोख परताव्याऐवजी पुढच्या सफरीसाठी खात्यात जमा होणारी रक्कम, ही सोय इतक्या तत्परतेने पुढे केली. पुन्हा कधी तशी वेळ आलीच, तर आपला गोंधळ उडू नये म्हणून काही सूचना येथे देत आहे. त्या काटेकोरपणे पाळल्यास पैसे परत मिळण्याचा धोका जवळजवळ राहत नाही.

सर्वप्रथम सव्वापटीच्या आकड्याकडे आदराने पाहावे. रोख घेतलेत तर १०० टक्के आणि क्रेडिट घेतलेत तर १२५ टक्के, असे दोन पर्याय शेजारीशेजारी छापलेले असताना जो १०० निवडतो, त्याचे गणित कच्चे आहे असे समजण्यास हरकत नाही. समजा, आपण ४,००० डॉलर भरले होते. आता आपल्याजवळ ५,००० डॉलरचे क्रेडिट आहे, म्हणजे बसल्या जागी हजार डॉलरची कमाई. या कमाईला हात लावण्यासाठी फक्त आणखी एक सफर विकत घ्यावी लागते. ती सहसा त्याच कंपनीची असावी लागते, एका ठरावीक तारखेच्या आत आरक्षित करावी लागते आणि बहुधा दुसऱ्या एका ठरावीक तारखेच्या आत जहाजाने बंदर सोडावे लागते. त्या सफरीचे भाडे किती असावे, हे अर्थातच क्रेडिट देणारी कंपनीच ठरवते. भाडे ५,००० च्या वर गेले तर फरक आपण खिशातून भरायचा, आणि खाली आले तर उरलेले क्रेडिट काही रोखीत हातावर ठेवले जात नाही; ते तिसऱ्या सफरीची वाट पाहत खात्यात पडून राहते. वरचे २५ टक्के तर कोणत्याच वाटेने रोख होत नाहीत. जहाजावर चढल्यानंतरचा खर्च, आणि पुष्कळ ठिकाणी कर व बंदरशुल्कही, या क्रेडिटातून भागत नाही. उधारीचे पोते सव्वा हात रिते, असे जुनी माणसे म्हणत; पण त्यांच्या काळी क्रूझ नव्हत्या, तेव्हा ते फारसे मनावर घेऊ नये.

आपण कंपनीला कर्ज देत आहोत, असा कुत्सित विचार तर मनाला शिवू देऊ नये. कर्ज देणाऱ्या लोकांची तऱ्हाच निराळी असते. एप्रिल २०२० मध्ये, जहाजे रिकामी उभी असताना, कार्निव्हल कॉर्पोरेशन या बड्या क्रूझ कंपनीने रोखे विकून ४०० कोटी डॉलर उभे केले, तेव्हा त्या रोख्यांना वर्षाला ११.५ टक्के व्याज द्यावे लागले आणि शिवाय जहाजे तारण म्हणून लिहून द्यावी लागली. पुढच्याच महिन्यात रॉयल कॅरिबियनने तीनशे कोटींहून अधिक डॉलर उभारले, तेही अशाच चढ्या व्याजाने आणि जहाजे तारण ठेवूनच. रोखे घेणारी ही मंडळी मोठी अविश्वासू. संकटात सापडलेल्या माणसाकडूनही व्याज घेतात, कागदावर सही घेतात, आणि परतफेडीची तारीख घातल्याशिवाय पैसे सोडत नाहीत. त्यांच्यापैकी एकालाही कोणी सांगितले नाही की, व्याज राहू द्या, त्याऐवजी पुढच्या वर्षी आमच्या जहाजावरच्या दोन बाल्कनीवाल्या खोल्या घ्या.

प्रवासी तसा नसतो. तो व्याज मागत नाही, तारण मागत नाही, आणि मुख्य म्हणजे मुदत तो स्वतःवर घेतो. कर्ज फेडण्याची मुदत ऋणकोवर असते, हा जगाचा रूक्ष नियम झाला. या व्यवहारात मात्र दिलेले पैसे वसूल करण्याची मुदत धनकोवर असते आणि ती त्याने चुकवली की देणे फिटले. जगातल्या कोणत्याही सावकाराला ही कल्पना सुचली नव्हती, कारण ती ऋणकोच्याच डोक्यात येऊ शकते. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस कार्निव्हलच्या हाती प्रवाशांनी आगाऊ भरलेले ४७० कोटी डॉलर होते. मे महिन्याच्या अखेरीस ही रक्कम २९० कोटींवर आली आणि तिच्यातला मोठा भाग याच क्रेडिटांचा होता. हिशेबाच्या वहीत हे सारे ‘देणे’ म्हणून मांडलेले असते. जे क्रेडिट वापरले जात नाही, ते कालांतराने देण्यांच्या रकान्यातून निघून उत्पन्नाच्या रकान्यात जाऊन बसते. तेव्हा आपल्याकडून तारीख चुकली, तर वाईट वाटून घेऊ नये. कंपनीच्या ताळेबंदात आपण एक चांगली ओळ लिहिली आहे.

निर्णय घेताना घाई करू नये. खरे तर निर्णय घेऊच नये. काही कंपन्यांनी यात प्रवाशाची फार काळजी घेतली होती: काहीच न करणाऱ्याच्या खात्यात क्रेडिट आपोआप जमा व्हायचे, आणि रोख हवी असणाऱ्याने मात्र ठरावीक दिवसांच्या आत अर्ज भरून तशी इच्छा कळवायची, मग परताव्यासाठी महिनेन् महिने थांबायचे. फोन लावून संगीत ऐकत बसण्याची सवय असेल, तर तोही मार्ग मोकळा होता. ज्यांची नोकरी त्या वसंतात गेली होती आणि ज्यांना घरभाड्यासाठी तेच पैसे हवे होते, त्यांनी हे संगीत विशेष लक्ष देऊन ऐकले असे म्हणतात. ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते, त्यांनाही दोन वर्षांच्या आत पुन्हा जहाजावर चढण्याची संधी देण्यात आली. तब्येतीने साथ दिली नाही, तर त्यात कंपनीचा दोष तो कोणता?

क्रेडिट मिळाल्यावर ते ताबडतोब वापरून टाकावे, असा सल्ला काही व्यवहारी लोक देतात. तो २०२० सालीही पुष्कळांनी पाळला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी, म्हणजे सीडीसीने, १४ मार्च २०२० रोजी जहाजांवर बंदीचा आदेश काढला, तो एप्रिलमध्ये वाढवला, जुलैमध्ये वाढवला, सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा वाढवला, आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्या जागी अटींची एक लांबलचक यादी आणली. अमेरिकी बंदरातून पैसे भरलेल्या प्रवाशांना घेऊन पहिले मोठे जहाज सुटायला जून २०२१ उजाडला. या काळात ज्यांनी क्रेडिटावर ऑगस्टची सफर घेतली, ती रद्द झाल्यावर डिसेंबरची घेतली, आणि तीही रद्द झाल्यावर पुढच्या वसंताची घेतली, त्यांच्याजवळ क्रेडिटाचे क्रेडिट, आणि त्याचेही क्रेडिट, अशी वंशावळ तयार झाली. क्रेडिटाने भरलेला भाग सहसा क्रेडिटातच परत येतो. एकदा या घराण्यात पडलेला पैसा सहजासहजी बाहेर पडत नाही.

एखाद्या जहाजावर आपला जीव जडला असेल, तर तो वेळीच काढून घ्यावा. तुर्कस्तानातील अलिआगा येथील जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर २०२० सालीच कार्निव्हलची फँटसी, इन्स्पिरेशन आणि इमॅजिनेशन ही जहाजे पोहोचली होती. स्पेनच्या पुलमांतुर कंपनीची सॉव्हरिन आणि मोनार्क ही जहाजेही तेथेच गेली. पण तोवर कंपनीनेच जून २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कार्यवाहीसाठी अर्ज केला होता. ब्रिटनमध्ये क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस ही कंपनी २० जुलै २०२० रोजी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत प्रशासकांच्या ताब्यात गेली. अशा प्रसंगी क्रेडिटधारकाने धीर सोडू नये. तो धनकोच आहे, फक्त रांगेत मागे उभा आहे. पुढे उभे असलेले ते अविश्वासू तारणवाले आपला वाटा घेऊन गेले की त्याचीही विचारपूस होईल. ज्या प्रवाशांच्या आरक्षणामागे ब्रिटनमधील प्रवास-संरक्षणाची एखादी योजना होती, त्यांना दाद मागायला जागा राहिली. आदर्श प्रवाशाने आरक्षण करतेवेळी अशा योजनांची चौकशी करून विक्रेत्याचा अपमान करू नये.

कायद्याकडे जाण्याचा मोह होईल. तो तिकिटामागचा करार वाचल्यास आपोआप ओसरतो. अमेरिकेतील बड्या क्रूझ कंपन्यांच्या करारांत खटला कोठे चालवावा हे आधीच ठरवलेले असते, बहुधा फ्लोरिडात, आणि अनेकांनी मिळून सामूहिक दावा करू नये असेही त्यात लिहिलेले असते. हे कलम कोर्टात टिकणार नाही अशी आशा असेल, तर १९९१ चा निकाल पाहावा. वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या एका जोडप्याने जहाजावर झालेल्या दुखापतीसाठी आपल्याच राज्यात दावा लावला होता. तिकिटावर छापले आहे, तेव्हा फ्लोरिडातच जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितले. हे अंतर देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाचे आहे. कंपनीचा पत्ता मात्र इतका स्थिर नसतो. २०२० साली कार्यालये मायामीत असली तरी कार्निव्हलची नोंदणी पनामात, रॉयल कॅरिबियनची लायबेरियात आणि नॉर्वेजियन क्रूझ लाइनची बर्म्युडात होती. त्यामुळेच मार्च २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसने बड्या उद्योगांसाठी कर्जाची जी तरतूद केली, ती अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांपुरती असल्याने यांच्या वाट्याला आली नाही. सरकारने पाठ फिरवल्यावर उरतो कोण? प्रवासीच.

क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे तक्रार नोंदवण्याचा एक असभ्य मार्ग आहे, त्याचा उल्लेख केवळ तो टाळता यावा म्हणून करतो. सेवा मिळालीच नाही, असे कार्डधारकाने मुदतीत आणि लेखी कळवले, रद्दीकरणाचे पत्र व रोख परतावा मागितल्याचा पुरावा जोडला, तर बँक ती रक्कम कंपनीकडून परत मागू शकते. मात्र एकदा क्रेडिट स्वीकारले, की ही तक्रार लंगडी पडते, कारण मोबदला मिळाला असे कंपनीला म्हणता येते. म्हणून सावध कंपनीहितदक्ष माणसाने आधी क्रेडिट स्वीकारावे आणि मग बँकेला फोन करावा. हा क्रम बदलू नये.

एवढे करूनही धोका पूर्ण टळत नाही, याला कारण अमेरिकेचे फेडरल मॅरिटाइम कमिशन, म्हणजे सागरी वाहतुकीवर देखरेख ठेवणारी तेथील सरकारी संस्था. तेथील बंदरांतून प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांनी सफर न घडल्यास पैसे परत करण्याची ऐपत सिद्ध करावी, असा नियम पूर्वीपासून होता. पण त्या हमीची कमाल मर्यादा प्रत्येक चालकामागे सुमारे ३ कोटी डॉलर होती, जी वरच्या आकड्यांशेजारी ठेवली असता कोणाची झोप उडेल असे वाटत नाही. आणि ‘सफर न घडणे’ म्हणजे काय, हेच कोठे नीट लिहिलेले नव्हते. एप्रिल २०२२ पासून ते लिहिले गेले. सफर रद्द झाली, किंवा तीन वा अधिक दिवस लांबली आणि प्रवाशाने ती लांबलेली किंवा बदली सफर नाकारली, तर तो परतावा मागू शकतो. आणि त्याने मागणी केल्यापासून १८० दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. सुदैवाने हे १८० दिवस मागणीच्या दिवसापासून मोजले जातात. ते सुरूच होऊ न देणे सर्वस्वी आपल्या हातात आहे.