पोराला पळू द्या की!

सप्टेंबर 2025. आमची मिशिगन युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉल टीम ओक्लाहोमाशी हरली, त्यानंतरचा रविवार. मिशिगनमधल्या कँटनच्या किराणा दुकानाबाहेरच्या बाकावर अण्णांचा थर्मास आला, कप आले, पण तोंडं सगळ्यांची उतरलेली. बाळ्या मात्र आकड्यांचा छापील कागद घेऊनच हजर.

"अंडरवूडचे 24 पास, लागले 9!" कागद त्याने बाकावर आपटला. अंडरवूड म्हणजे आमचा नवा क्वार्टरबॅक, बॉल फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की घेऊन पळायचा तो गडी. "मी सांगतो, आता खेळ पूर्ण उघडा करा. पास झेलायला चार-चार रिसिव्हर लावा, 50 पास टाका. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या तोंडातून ओढून आणलेलं एवढ्या पैशाचं पोरगं, आणि त्याच्याकडून पेन्शनरांचा फुटबॉल खेळवताय?"

"पेन्शनर कोणाला म्हणतोस रे?" अण्णा उसळले. "बो असता ना..."

अण्णा 1978 साली मिशिगनला आले. तेव्हापासून त्यांच्याकडे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मिशिगनचे जुने कोच बो शेम्बेक्लर यांच्यापाशी येऊन थांबतं. बॉल हातात घ्या आणि पळा. पुरावाही तयार असतो.

"2023, पेन स्टेटविरुद्ध. सलग 32 प्ले पळत काढले! मॅकार्थीसारखा क्वार्टरबॅक हाताशी असून मध्यंतरानंतर हिशेबात धरावा असा एक पास नाही. 24-15. आणि त्या दिवशी टीम सांभाळत कोण होतं? हाच आपला कोच शेरॉन मूर!"

"अण्णा, त्या दिवशी क्वार्टरबॅकपुढे भिंत धरणाऱ्या लाईनीतलं एक तरी पोरगं आज आहे का इथे?" मंजूवहिनींनी विचारलं.

अण्णांनी कप तोंडाला लावला.

"आणि बाळ्या, तुझे ते 50 पास. प्रत्येक वेळी त्या पोराला तीन सेकंद निवांत उभं राहायला मिळायला हवं. ते कोण देणार, तुझा कागद?"

वहिनी 19 वर्षं गिअरबॉक्स टेस्टिंगमध्ये आहेत. बोलतात कमी, पण बेलव्हिल शेजारचंच गाव, त्यामुळे अंडरवूडला त्यांनी शाळेच्या मॅचला बघितलंय. त्या शाळेने 2021 आणि 22, दोन्ही वर्षं स्टेट चॅम्पियनशिप मारली, तेव्हा हाच क्वार्टरबॅक. "पायाने बचाव फाडायचा हो तो," त्या म्हणाल्या. "नवं इंजिन कितीही दांडगं असो, पहिल्या दिवशी आम्ही टॉपला नेत नाही. पण न्यूट्रलवर तरी कोण ठेवतं? सहा फूट चार इंचाचं, 18 वर्षांचं पोरगं. काल त्याला खांबासारखं उभं केलं आणि म्हणाले, टाक! मध्यंतरानंतर लगेच बॉल घेऊन पळणारा आपला हेन्स 75 यार्ड पळून गेला. त्यानंतर तरी समोरच्यांना कोड्यात टाकायचं होतं, बॉल हेन्सकडे गेला की पोराने स्वतःकडेच ठेवला."

"पळणारा क्वार्टरबॅक गेल्या वर्षी बघितला की!" बाळ्याला हुरूप आला. "ओरजी! यूएससीविरुद्ध पासचे यार्ड किती? 32!"

"ओरजी पळणार हे शेंबड्या पोरालाही कळायचं. याचा हात बघून बचाव मागे सरकतो, पुढे रान मोकळं. एकाच पोराच्या दोन भीती आहेत समोरच्यांना. त्यातली एक आपणच कशाला काढून घ्यायची?"

मला वहिनींचं म्हणणं शंभर टक्के पटलं. कोच लोक आपली शैली ठरवून बसतात आणि मग पोराला त्यात कोंबतात, हे बघून माझा जीव तुटतो.

"मग गेल्या वर्षी क्वार्टरबॅक म्हणून वॉरन कशाला खेळवला?" बाळ्या हट्टाला पेटला. "ना हात, ना पाय..."

"वॉरनबद्दल तू बोलूच नकोस!" हे मी. राहवेना मला. रक्ताच्या कॅन्सरमधून उठलेलं पोरगं. कोलंबसमध्ये पासचे यार्ड अवघे 62, पण पळणाऱ्या मलिंग्जच्या हातात 32 वेळा बॉल देत त्याने ओहायो स्टेटला 13-10 असं लोळवलं. आणि बाळ्या? 'याची लायकी नाही' म्हणत चौथ्या क्वार्टरला माझ्या घरातून उठून गॅरेज झाडायला गेला होता. स्वतःचं!

"शेवटची 45 सेकंदं राहिली तेव्हा आपल्या झ्वाडाची जिंकून देणारी किक बसली, आणि हा झाडू मारत होता," अण्णांनी संधी साधली.

"गॅरेज स्वच्छ झालं ना पण!" वहिनी.

पुढच्या शनिवारी सेंट्रल मिशिगनविरुद्ध 63-3 ने जिंकलो. अंडरवूड 9 वेळा पळाला, 114 यार्ड, दोन टचडाऊन. रविवारी मी वहिनींसाठी बाकरवडी घेऊन गेलो. बाळ्या कागदाशिवाय येईल असं वाटलं होतं, पण आणलाच त्याने.

"सेंट्रल मिशिगन म्हणजे काय टीम आहे का? त्यांच्याविरुद्ध अण्णासुद्धा शंभर यार्ड पळतील."

"पळून दाखवू?" अण्णा उठले. नव्या गुडघ्यावर, थर्मास काखेत बॉलसारखा दाबून. दोन पावलं डावीकडे, बाळ्याला हुलकावणी, एक उजवीकडे, आणि झाकण उडालं. अख्खा चहा बाळ्याच्या कागदावर.

"टचडाऊन!" वहिनींनी दोन्ही हात वर केले. दुकानातला पोऱ्या फडकं घेऊन बाहेर आला, तोही हसायला लागला.