घेताना ताई, परत द्यायला गेलं की काकू

"सेमच आहे ओ ताई, डोळे झाकून घेऊन जा."

डोळे झाकून न्यायचा माल दुसऱ्या कुणाला तरी विक की बाबा. मला डोळे उघडे ठेवून विणावं लागतं.

भाच्यासाठी क्रोशाची चादर विणतेय. तिच्यातल्या आभाळासाठी काल संध्याकाळी इथं सोलापुरात नव्या पेठेत निळी लोकर आणायला गेले होते. सोबत जुन्या गुंड्याची कागदी पट्टी जपून नेलेली, तिच्यावर शेड नंबर आणि त्याखाली बारीक अक्षरात लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर. काउंटरवरच्या पोरानं पट्टी घेतली, शेड नंबर वाचला आणि पट्टी परत दिली. म्हटलं, लॉट बघा. म्हणाला, "लॉटनं काय होत नाही ताई." आणि मग जे गुंडे काढले त्यांच्यावर पट्ट्याच नाहीत! विचारलं तर म्हणे सुट्टा माल आहे, म्हणून स्वस्तात लावतो. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली दोन्ही निळे एकसारखे दिसत होते, हे मात्र खरं. बाहेर उजेडात धरून बघावं म्हटलं तर अंधारून आलेलं, आणि समोरच्या मोबाईलच्या दुकानाची गुलाबी पाटी भगभगत होती. त्या उजेडात टोमॅटोसुद्धा निळा दिसला असता.

रात्री जेवणं आवरून विणायला बसले. घरातही ट्यूबलाईटच, त्यामुळं सगळं गोड दिसलं. सकाळी गॅलरीत नेऊन पसरलं आणि डोकंच फिरलं. जुना निळा स्वच्छ, नव्याला हिरवट झाक. रंगाच्या मिश्रणात थोडा जरी फरक पडला तरी एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. म्हणून तर पट्टीवर लॉट छापतात ना! शोभा म्हणून छापतात का?

बरं, हा फरक सरळ आडवा पडला असता तर खपवला असता. खाली गडद आभाळ, वर फिकं आभाळ, पाऊस येतोय म्हणून सांगितलं असतं. पण ही चादर कोपऱ्यातून कोपऱ्याकडं विणायची. साखळी आणि खांब हे क्रोशाचे टाके. सुरुवातीला सहा साखळ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या साखळीत एकेक खांब, झाला पहिला ठोकळा. मग पुढच्या ओळीत दोन ठोकळे, त्याच्या पुढं तीन, असं तिरकं तिरकं वाढत जायचं. म्हणजे लॉट बदलला की तो तिरकाच बदलणार. आमचं आभाळ आता वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजवीकडं असं चिरलंय, की कुणी पट्टी धरून रेघ मारावी.

परत गेले. गुंडे घेऊन गेले, चादर घेऊन गेले, भर दुपारी गेले. तोच पोरगा. म्हटलं, चला दाराबाहेर, उन्हात दाखवते. तो जागचा हलला नाही. "उघडलेला माल परत नाही काकू."

काकू! काल पैसे मोजेपर्यंत ताई होते की रे मी. एका रात्रीत माझं वय वाढलं का तुझी गरज संपली?

वर म्हणतो, "एवढं कोण बघतंय काकू, अंगावर घ्यायचीय ना?" हे वाक्य जिव्हारी लागलं. सोलापुरात हे बोलावं माणसानं? ज्या गावात सूत रंगवण्यात पिढ्या गेल्या, ज्या गावाच्या चादरीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचं भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं लोकरीच्या दुकानात मी लॉट म्हणजे काय ते शिकवायचं? इथल्या कुठल्याही जुन्या विणकराला दोन लॉटचं सूत एका चादरीत घालून दाखवा, तो तुम्हाला तेलुगूत काय काय ऐकवेल ते ऐका फक्त.

आणि चादरीचा विषय निघालाच आहे तर सांगते. "सोलापुरात राहून चादर विणतेस?" हा विनोद करणारा प्रत्येक माणूस स्वतःला पहिलाच समजतो. आमच्या नणंदेनं केला, शेजारच्या काकांनी केला, रिक्षावाल्यानं केला. हो, विणते! ती सुताची, ही लोकरीची. ती बाजारात मिळते, हिच्यावर मांजर जेसीबी चालवतंय. मिळेल का चाटी गल्लीत? आणून दाखवा.

कारण ऑर्डर तशी आहे. चार वर्षांचा भाचा, जुळे सोलापूरला राहतो. घराबाहेर कायम काहीतरी खोदलेलं, त्यामुळं पोराला रामायण-महाभारतातलं कुणी माहीत नाही, पण जेसीबीचे सगळे भाग पाठ. "मावशी, जेसीबीची चादर कर. आणि चालवायला मनीमाऊ." मावशी वितळली. रुंदीला 60 आणि लांबीला 75 ठोकळ्यांचा तक्ता आखला. म्हणजे 4500 ठोकळे. प्रत्येकात तीन साखळ्या, तीन खांब. पिवळं धूड, काळी चाकं, तपकिरी माती, आणि त्या केबिनमध्ये नारिंगी मांजर. मांजराचा डोळा म्हणजे एकच हिरवा ठोकळा. त्या एका ठोकळ्यासाठी नारिंगी दोरा सोडायचा, हिरवा जोडायचा, तीन खांब विणायचे, हिरवा कापायचा, नारिंगी पुन्हा घ्यायचा. मागच्या बाजूला हिरव्याची दोन टोकं लोंबणार, ती सुईनं आत दडवायची, कारण मोकळा दोरा राहिला की पोराच्या पायाचं बोट अडकलंच. हे सगळं करून मांजर माझ्याकडं तुच्छतेनं बघतं. एकाच डोळ्यानं.

"मशीनवर पाच मिनिटांत होतं की." हे आमच्या ह्यांचं. नाही होत! खरा क्रोशा हातानंच करावा लागतो. बाजारात मशीनचा क्रोशा म्हणून जे विकतात ते बहुतेक क्रोशासारखं दिसणारं दुसरंच विणकाम असतं. आणि मशीनचं एवढं कौतुक असेल तर मशीनवर काय काय करावं लागतं तेही बघा जरा. सोलापुरी चादरीवरचा मोर काही आपोआप नाचत येत नाही. आधी ग्राफ पेपरवर चौकोन चौकोन भरून डिझाईन काढतात, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, ती कार्डांची माळ मागावरच्या जकार्ड यंत्रावर चढते, जिथं भोक असेल तिथला उभा दोरा उचलला जातो. फ्रान्समधल्या त्या जकार्ड साहेबानं 1804 मध्ये ही युक्ती काढली आणि मागावर दोरे ओढणाऱ्या पोरांचे हात वाचवले. माझे कुणी वाचवले? माझा ग्राफ पेपर फ्रिजवर चिकटवलाय, आणि जकार्ड म्हणजे मी.

त्यात दर ओळीला कुठला रंग किती ठोकळे हे तोंडानं मोजायचं. "पिवळे सात, काळे दोन, पिवळे चार..." की आतून हाक, "पाणी आलं!" संपलं. आमच्याकडं पाणी येण्याचा दिवस म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको. पिंप, बादल्या, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरायचा. परत येऊन बघावं तर सात पिवळे झाले होते का नऊ, देव जाणे. सात रंगांचे छोटे गुंडे कपड्यांच्या चिमट्यांना गुंडाळून लोंबत ठेवलेले, ते तेवढ्यात एकमेकांच्या गळ्यात पडलेले. आणि दोरीवर वाळत घालायला चिमटे नाहीत म्हणून सासूबाई रागावलेल्या.

व्हिडिओवाल्यांचं तर नावच काढू नका. सगळं नीट दाखवतील, आणि नेमका कडेचा ठोकळा कमी करायची वेळ आली की हाताचा पंजा कॅमेऱ्यासमोर. "अशा प्रकारे करून घ्यायचं." कशा प्रकारे? पंजा काढ!

मध्येच सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "कुणाशी भांडतीयस गं?" खोलीत मी एकटीच होते. लोकरीला सुनावत होते बहुतेक. खरं सांगायचं तर माझं मलाच हसू आलं. बाहेर पारा 43 वर, पंखा गरम हवा फेकतोय, आणि ही बाई मांडीवर लोकरीचं ओझं घेऊन निळ्याची झाक बरोबर नाही म्हणून घामाघूम होऊन चिडलेली. भाजीवाला पेंढीमागं पाच रुपये जास्त लावतो तेव्हा मी चकार शब्द काढत नाही. दिवाणाखाली लोकरीच्या एवढ्या पिशव्या आहेत की दिवाण आता चार बोटं वर आलाय, त्याबद्दलही मला कुणी काही बोललेलं चालत नाही. आणि ज्याच्यासाठी हे चाललंय ते पोरगं उन्हाळ्यात नुसत्या चड्डीवर फरशीवर झोपतं. अंगावर ओढणी टाकली तरी लाथ मारून उडवतं.

पण म्हणून हिरवट आभाळ चालवून घेऊ? तसलं नाही जमणार. त्या पोराला मातीचा तपकिरी आणि चाकाचा काळा यांतला फरक कळतो. तो काल व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मावशी, टायरवर रेषा कुठंय?" ह्याला म्हणतात गिऱ्हाईक. दुकानात ह्याला बसवायला पाहिजे.

तर आता उसवते आहे. रात्रीचं सगळं. उसवलेली लोकर कुरळी होऊन बसते, ती पुन्हा सरळ करायला ओली करून वाळत टाका, म्हणजे पुन्हा चिमटे, म्हणजे पुन्हा सासूबाई. लॉट जुळणारे गुंडे पुण्याहून बहिणीकरवी मागवलेत. येताना हुतात्मा एक्सप्रेसनं घेऊन येईल म्हणाली, आणि लगेच पुढं, "माझ्या धाकटीला पण एक कर गं, तिला डायनासोर आवडतो. लोकरीचे पैसे देते." लोकरीचे! हाताचे पैसे द्यायचं अजून कुणाच्या तोंडातून निघालेलं नाही. मागे एकीनं तर तयार चादर हातात तोलून विचारलं होतं, "किलोला काय भाव पडतो?" टॉवेलच्या गावची माणसं, दुसरं काय विचारणार!

आणि आज संध्याकाळी सासूबाईंची भिशी आमच्याकडं आहे. कडक भाकरी, दही, शेंगा चटणी असा बेत. बायका येणार, "बघू बघू काय विणतीयस" करणार, आणि तेलात कालवलेल्या चटणीची बोटं माझ्या आभाळाला पुसणार. चादर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलंय. किल्ली कुठंय ते सासूबाईंनी दोनदा विचारलं. मला ऐकू आलं नाही.