तुमच्या तक्रारीला उत्तर: चेक इंजिनचा दिवा पुन्हा का लागला

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. स्कॅनरवर दोषाचा कोड दोन मिनिटांत निघाला तरी आम्ही गाडी दिवसभर ठेवली, स्पार्क प्लगला वीज देणारी कॉइल बदलली, तपासणीचे वेगळे पैसे घेतले आणि चार दिवसांत चेक इंजिनचा पिवळा दिवा परत लागला, अशी तुमची तक्रार आहे. आता ओळखीच्यांच्या स्कॅनरवर पी०१७१ आला आणि त्यांनी ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला सांगितलाय. जॉब कार्ड समोर ठेवूनच लिहितोय.

आधी आमची चूक. पहिल्या दिवशी दोन कोड होते. पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय (त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही), आणि पी०१७१, जो तेव्हा ‘पेंडिंग’ होता. दोष एकदा दिसला की पेंडिंगमध्ये जातो. बहुतेक दोष गाडीच्या पुढच्या फेरीतही दिसले तरच दिवा लागतो. मिसिंग थांबलं म्हणून आम्ही दोन्ही कोड पुसून गाडी तुमच्या हाती दिली. पेंडिंगचा माग काढायला हवा होता, तो काढला नाही. तपासणीचे पैसे परत करतो.

कॉइल मात्र अंदाजाने बदललेली नाही. दोन नंबरची कॉइल तीनवर लावली, तर मिसिंगही तीनवर गेलं आणि कोड पी०३०३ झाला. तुमचं इंजिन पूर्ण तापल्यावरच मिस करत होतं, त्यामुळे प्रत्येक वेळी गाडी फिरवून तापवावी लागली. दिवस त्यात गेला. गाडी देताना हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं.

ऑक्सिजन सेन्सर कृपया लगेच बदलू नका. पी०१७१ एवढंच सांगतो की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी पडतंय. ही खबर सेन्सरच देतो, आणि बहुतेक वेळा ती खरी असते. हवा कुठून शिरते किंवा पेट्रोल का कमी येतं, ते शोधावं लागतं. इंजिनचा कॉम्प्युटर किती जादा पेट्रोल सोडतोय ते स्कॅनरवर टक्क्यांत दिसतं. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आकडा २० च्या पुढे आणि २५०० आरपीएमला जवळजवळ सामान्य, असं असेल तर इनटेककडचा, म्हणजे हवा आत घेण्याच्या बाजूचा, एखादा व्हॅक्यूम होज (रबरी नळी) तडकलेला असण्याची शक्यता मोठी. उलट लोडवर, म्हणजे इंजिनवर जोर पडल्यावर, आकडा चढत गेला तर फ्युएल पंपाचं प्रेशर आणि हवा मोजणारा सेन्सर बघायचा. ही तपासणी मी स्वतः करेन, तिचे पैसे नाहीत.

एक गोष्ट मला जास्त लागली. पहिल्यांदा फोन केलात तेव्हा दिवा लुकलुकत होता आणि आमच्याकडून ‘उद्या घेऊन या, चालवायला हरकत नाही’ असं सांगितलं गेलं. हे साफ चुकीचं होतं. स्थिर पिवळ्या दिव्यावर, गाडी नीट चालत असेल तर, जपून गॅरेजपर्यंत येता येतं. लुकलुकणारा दिवा म्हणजे जोराचं मिसिंग: न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंद करायची असते. तुमचा कन्व्हर्टरही तपासून देतो. फोन घेणाऱ्या सगळ्यांना आता पहिला प्रश्न हाच विचारायला सांगितलाय: दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

गाडी आणेपर्यंत कोड पुसू नका, बॅटरीची वायरही काढू नका. दोष आला त्या क्षणाचं आरपीएम, लोड आणि इंजिनचं तापमान कॉम्प्युटरने साठवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं.