सोसायटीच्या करवंदाच्या कुंपणासाठी आमच्या नर्सरीला रिव्ह्यूत एक तारा दिलात, त्याबद्दल

नमस्कार ताई. तुमच्या मुलाच्या हातात काटा गेला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. हात आता बरा असेल ना?

पण "वर्ष होत आलं तरी एक करवंद नाही, नर्सरीवाल्याने नुसते काटे विकले" हे फार लागलं. करवंदाचा फुलोरा फांदीच्या शेंड्याला येतो. फेब्रुवारीच्या सुमारास फुलं, मे महिन्यात फळ. तुम्ही टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. कुंपण वरून टेबलासारखं सपाट, एकूण एक शेंडा कातरलेला, कापल्या जागी पांढरा चीक सुकलाय. फोटोवर तारीख जानेवारीची. ऐन फुलोऱ्याच्या तोंडावर कातर मारली तर फळ धरणार कुठे? छाटायचं ते फळं उतरल्यावर, हे रोपं उतरवतानाच माळीबुवांना सांगितलं होतं. शिवाय मागच्या पावसाळ्यात लावलेलं करवंद लगेच धरत नाही, त्याला काही वर्षं द्यावी लागतात.

राहिले काटे. मुलांच्या खेळायच्या बाजूला मी सोसायटीच्या कमिटीला अंजनीचं झुडूप सुचवलं होतं. अंजनीला काटा नाही, ती सावलीत चालते, जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके फांदीलाच चिकटून येतात आणि फळं बुलबुल संपवतात. पण ती वाढते सावकाश आणि कमिटीला कुंपण लवकर भरून हवं होतं. "गल्लीतून लोक शॉर्टकट मारतात, काटेच हवेत" हे कमिटीचे शब्द. तुम्ही त्या मीटिंगला नव्हता, त्यामुळे तुम्हाला कल्पना नसेल. कोणी टणटणीही (घाणेरी) मागितली, तिला मात्र मी साफ नाही म्हटलं. ती मूळची अमेरिकेतली, नॅशनल पार्कात किती माजलीय ते बोरिवलीकरांना सांगायला नको.

फुटपाथपेक्षा दर जास्त म्हणाल, तर फुटपाथवरचं वीतभर रोप आणि आमचं कमरेएवढं झाड एका भावात कसं देणार? शोभेची विदेशी झाडं विकली असती तर चार पैसे जास्त सुटले असते. असा एक तारा पडला की सोसायट्यांचे फोन येणं थांबतं हो.

खेळायच्या बाजूची झाडं पावसाळ्यात बदलून अंजनी लावता येईल, खर्चाचं कमिटीशी बोलून बघतो. छाटणीचं वेळापत्रकही लेखी द्यायचं मनात आहे. तोवर तेवढी कातर कुलूपबंद ठेवायला सांगा.