परत भराव

आज सकाळी परत तेच. नाल्याकडेच्या मोकळ्या रानात डंपर उलटा लावलेला, मुरूम ओततोय. परवापर्यंत तिथं गुडघाभर गवत होतं, म्हशी चरायच्या. अरे, 2005 ला पाणी आलं, 2019 ला आलं, 2021 ला आलं! पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर गेलं की धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ आहे. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फिरून गल्लीत शिरतं. त्याला पसरायला हीच जागा होती की! दोनदा आईला पाठीवर घेऊन बाहेर काढलंय मी. भिंतीवरची चिखलाची रेघ अजून रंगातून वर येते. आणि यांचा भराव चालूच. कुणीच कसं अडवत नाही?