‘खडूच्या रेघेने कातळशिल्पाचं काय बिघडतं?’ बरंच बिघडतं

मे महिन्यात गावी निघायच्या सुमारास ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळमधल्या कोकणी मंडळांच्या ग्रुपांवर कातळशिल्पांबद्दल, म्हणजे गावाकडच्या उघड्या कातळात कोरलेल्या प्राचीन आकृत्यांबद्दल, एक मेसेज फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘कातळशिल्पं दगडातली आहेत, हजारो वर्षं टिकलीत. खडू किंवा चुना मारून फोटो काढा, पावसात धुऊन जातं. आता तर युनेस्कोच्या यादीत आहेत, कसली भीती नाही.’

दगड असला तरी तो जांभा आहे, घाटावरचा काळा पाषाण नव्हे. सड्याचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराचा, वरचा थर लोहामुळे कडक झालेला असतो आणि त्याखालचा जांभा मात्र मऊ, म्हणून तर चिरेखाणीत पात्याने चिरे कापता येतात. शिल्पाच्या रेघा त्या वरच्या कवचात, पुष्कळदा जेमतेम काही सेंटीमीटर खोल. कड एकदा तुटली की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि दर पावसाळ्यात झिजतो. बुटाखालची खडी कडा घासते. बाईक साइड स्टँडवर लावली की बराच भार दोन बोटं जागेवर येतो.

टिकली, हे खरं. पण कितीतरी शिल्पं माती-गवताखाली झाकलेली होती आणि त्यांच्यावर वर्दळ नव्हती, म्हणून टिकली.

मेसेजमधला सगळ्यात घातक भाग खडू-चुन्याचा. जांभा सच्छिद्र आहे, खडूची भुकटी त्या छिद्रांत बसते. चुन्याचं तर उलटंच होतं: हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे दगडाला दगड चिकटतो. कोकणातला तीन हजार मिलिमीटर पाऊसही तो पुरता काढत नाही. मग कुणीतरी तारेचा ब्रश घेतं आणि हत्याराच्या खुणा, जुनी झीज, खोबणीतली माती सगळंच खरवडून निघतं. शिल्पांचा काळ ठरवणं आधीच अवघड. जो थोडा पुरावा असतो, तो इथेच असतो. शिवाय रेघ मारणारा त्याला दिसलेली आकृती मारतो. शेपटी होती की भेग, हे पुढच्याला कळत नाही.

फोटोसाठी खडू लागतच नाही. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा पहिला-शेवटचा तास गाठा, तिरप्या उन्हात खोबणीत सावली पडते. अंधारात टॉर्च जमिनीलगत, दहा-पंधरा अंशांत धरा. मोजपट्टी शिल्पाशेजारी ठेवा, अंगावर नको. दुपारी बाराला काढलेला फोटो सपाटच येणार, त्यात शिल्पाचा दोष नाही.

युनेस्कोचं म्हणाल तर 2022 साली नऊ स्थळं संभाव्य यादीत, म्हणजे जागतिक वारसा नामांकनाआधीच्या यादीत, गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. संभाव्य यादी म्हणजे पहारा नव्हे. केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यातली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ही शिक्षा संरक्षित घोषित झालेल्या स्मारकालाच लागू होते. बाकीच्या सड्यांवर चिरेखाण, सपाटीकरणाचा जेसीबी आणि आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून पाडलेले खड्डे हा रोजचा धोका आहे.

गावच्या शिल्पावर आधीच चुना असेल तर ॲसिड, साबण, ब्रश काहीही लावू नका. फोटो आणि गट नंबर राज्य पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरी कार्यालयाला कळवा. प्लॉटवर आधी न दिसलेली कोरीव रेघ दिसली तर फावडं बाजूला ठेवून जेसीबीवाल्याला त्याच दिवशी थांबवा.