फाइल पेशंटची आहे, म्हणूनच पेशंटची सही मागितली

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की वडिलांची फाइल मागायला आलात तर आधी फॉर्म हातात दिला, मग वडिलांची सही नाही म्हणून परत पाठवलं, वर 'कशासाठी पाहिजे' असं विचारलं, तीन दिवसांची मुदत सांगितली आणि डिस्चार्जच्या वेळी दिलेली एमआरआयची सीडी घरच्या लॅपटॉपवर उघडतच नाही. "हक्काची फाइल मागतोय, उपकार नाही" हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, म्हणून या हॉस्पिटलचा मालक म्हणून मीच उत्तर लिहायला बसलो. फक्त एक, वडिलांच्या तब्येतीबद्दल किंवा ट्रीटमेंटबद्दल मी इथे एक अक्षरही लिहिणार नाही, हे सगळ्यांना दिसतं.

आधी सहीचं बोलतो कारण खरा राग तिथेच आहे. ओरिजिनल कागद हॉस्पिटल सांभाळतं, पण त्यातली माहिती पेशंटची, आणि कॉपी मागायचा हक्कही पेशंटचा. पेशंट शुद्धीवर आहे, स्वतःचे निर्णय स्वतः घेतोय, तर मुलगा असो बायको असो की सख्खा भाऊ, पेशंटने लेखी दिल्याशिवाय आम्ही एक पानसुद्धा देत नाही. तुम्हाला तो अविश्वास वाटला असेल, पण फाइलमध्ये काय काय असतं बघा ना, दारू किती घेतो, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत का, एचआयव्हीचा रिपोर्ट, एखाद्या बाईच्या जुन्या गर्भपाताची नोंद, हे सगळं माणूस डॉक्टरला विश्वासाने सांगतो आणि कितीतरी वेळा ते घरात कोणालाच माहीत नसतं. समोरचा माणूस काळजीपोटी आलाय की घरातल्या भांडणात वापरायला कागद शोधतोय हे काउंटरवरच्या मुलीने चेहऱ्यावरून कसं ओळखायचं? तिने तुम्हाला थांबवलं ते योग्यच केलं, आणि उद्या तुमची फाइल मागायला दुसरं कोणी आलं तर त्यालाही ती असंच थांबवेल.

पण सहीसाठी वडिलांना इथवर आणायची काहीच गरज नाही. फॉर्म घरी न्या, किंवा साध्या कागदावर "माझ्या रेकॉर्डची कॉपी माझ्या मुलाला द्यावी" एवढं लिहून त्याखाली तारीख, सही आणि दोघांच्या ओळखपत्राची झेरॉक्स, बस. सही जमत नसेल तर अंगठा आणि एका साक्षीदाराची सही चालते. लहान मुलांचं आईवडील मागू शकतात, पेशंट वारले असतील तर वारस असल्याचे कागद लागतात, तो विषय वेगळा आहे, तेव्हा सरळ रेकॉर्ड रूममध्ये येऊन भेटा.

आता 'कशासाठी'. तो रकाना कोरा ठेवा, काही अडत नाही, स्वतःची फाइल मागायला कोणालाही कारण द्यावं लागू नये असं माझं ठाम मत आहे आणि बिल बाकी असलं तरी आम्ही कॉपी अडवत नाही. विचारतो ते एवढ्यासाठी की 'फाइल द्या' म्हटलं की बहुतेक लोकांच्या डोळ्यासमोर डिस्चार्ज कार्ड असतं, आणि ते फक्त एक-दोन पानांचं सार असतं हो. सेकंड ओपिनियन घ्यायचं असेल तर पुढचा डॉक्टर ऑपरेशन नोट मागणार, रिपोर्ट मागणार, कुठलं औषध कधी सुरू केलं कधी बंद केलं तो चार्ट मागणार. इन्शुरन्सवाले वेगळंच मागतात. ज्यांना स्टेंट, कृत्रिम सांधा किंवा डोळ्यात लेन्स बसवलीय त्यांनी तर इम्प्लांटच्या स्टिकरची कॉपी न विसरता मागा, छोटंसं बारकोडचं स्टिकर असतं, फाइलमध्ये चिकटवलेलं, त्यावर कंपनी, मॉडेल, लॉट किंवा सिरियल नंबर असतो, उद्या एमआरआय करायची वेळ आली किंवा सांधा बदलायची वेळ आली की तोच नंबर शोधत फिरतात सगळे. ईसीजीचं पण तसंच, त्या पट्टीचा कागद थर्मल असतो, काही वर्षांत अक्षरशः पांढरा होतो, म्हणून घरात जुनी पट्टी असेल तर आजच झेरॉक्स काढून ठेवा. तर फॉर्मवर 'पूर्ण फाइल' लिहा नाहीतर कुठले कागद पाहिजेत ते लिहा, तारखांसकट, म्हणजे दुसरी खेप पडत नाही.

तीन दिवस आम्ही मनाने ठरवलेले नाहीत. भारतात डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत रेकॉर्ड मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचं असं आहे, युरोपात जीडीपीआर या खासगी माहितीच्या कायद्याखाली साधारण एक महिना आणि अमेरिकेत हिपा या आरोग्य माहितीच्या कायद्याखाली ३० दिवस मिळतात. म्हणजे ७२ तास ही शेवटची मुदत आहे, त्याआधी तयार झालं तर आधी देतो, आणि दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये अपॉइंटमेंट असेल तर फॉर्मवर ती तारीख टाका, ते कागद पुढे घेतो. अर्ज दिल्याची पोच मात्र शिक्क्यासकट घ्याच, आमच्याकडे असो की कुठेही, कारण मुदत तिथून मोजली जाते आणि तोंडी मागितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

सीडी खराब नाहीये. त्यातले फोटो डायकॉम या स्कॅनसाठीच्या खास फॉरमॅटमध्ये असतात, साध्या फोटोच्या ॲपला ते दिसत नाहीत, आणि सीडीत दिलेला व्ह्यूअर बऱ्याचदा फक्त विंडोजवर चालतो. फुकट मिळणारा कुठलाही डायकॉम व्ह्यूअर टाका आणि सीडीतला अख्खा फोल्डर त्यात उघडा. व्हॉट्सॲपवर फिल्मचा फोटो पाठवून ओपिनियन मागू नका प्लीज, डॉक्टरला प्रत्येक स्लाइस मागेपुढे करून, उजेड कमीजास्त करून बघायचा असतो, ते फोटोत होत नाही. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसेल तर सांगा, लिंक किंवा पेनड्राइव्हवर देऊ.

जाता जाता, वाचणाऱ्यांपैकी ज्यांची बायोप्सी झालीय त्यांच्यासाठी. रिपोर्टच्या कॉपीबरोबर काचेची स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकसुद्धा (म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) मागता येतो, पुढच्या टेस्ट त्यावरच होतात. पण ब्लॉकची झेरॉक्स निघत नाही, टिश्यू तेवढाच असतो, म्हणून पुढच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, सही करून न्या आणि काम झालं की परत आणून द्या.

सर, तुमच्यासाठी फॉर्म रेकॉर्ड रूममध्ये काढून ठेवायला सांगितलाय. वडिलांची सही घेऊन या, सीडी पण बरोबर आणा, काउंटरवरच उघडून दाखवतील.